सुट्या भागांचे डॉक्टर

डॉक्टरांच्या घरी जेवायला गेलं की डबा उघडण्याआधी हलवून बघायचा. आवाज आला नाही तर श्रीखंड, खळखळला तर मागच्या सस्पेन्शनचे बोल्ट. आयर्लंडातल्या मलिंगार गावच्या आम्हा मोजक्या मराठी घरांना ही सवय इतकी लागली होती की, पुढे पुण्याला सुट्टीवर गेलो तेव्हा माझ्या सासूबाईंनी पुढे केलेला लाडवांचा डबाही मी कानाशी नेऊन हलवला. लाडू वाजले. सासूबाईंनी त्याचा वेगळाच अर्थ घेतला आणि माझी चहाची साखर बंद झाली.

डॉक्टर आमच्या गावातल्या मोठ्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. मूळचे यवतमाळकडचे, पण शिक्षण मुंबईत झाल्यामुळे बोलणं आमच्यासारखंच, फक्त चिडले की यवतमाळ वर यायचं. माणसं झोपवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. हॉस्पिटलात झोपवायचे ते औषध देऊन. घरी नुसतं गिअरबॉक्सबद्दल बोलून.

"आयुष्यभर बोलती माणसं गप्प केली," ते म्हणायचे. "आता एक गप्प वस्तू बोलती करायची आहे."

ती वस्तू म्हणजे किट कार. हा प्रकार मलाही माहीत नव्हता. एखादी कंपनी आपल्याला लोखंडी सांगाडा आणि वरचं अंग पाठवते. बाकी इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, वायरी, जे जे म्हणून गाडीला गाडी करतं, ते आपण एखाद्या जुन्या गाडीतून काढायचं आणि त्यात बसवायचं. म्हणजे बाजारात तयार गाड्या मिळत असताना आपण एक गाडी मारून दुसरी जन्माला घालायची. जी मारायची तिला म्हणतात डोनर.

एका शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला. "इंजिनिअर, मोकळे आहात का? डोनर आणायला जायचंय."

मी डब्लिनच्या सँट्री भागातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरवाला. आठवड्यातून दोनदा ऑफिसला तोंड दाखवतो, उरलेले दिवस घरून काम करतो, म्हणजे खिडकीतून डॉक्टरांच्या ड्राइव्हवेकडे बघतो. डॉक्टर मला 'इंजिनिअर' म्हणायचे. त्यात आदर किती आणि कीव किती, हे मी कधी खोलात जाऊन विचारलं नाही. त्या सकाळी मात्र मी भारावलो. डॉक्टर माणूस डोनर म्हणतोय, तेव्हा कुणाला तरी रक्त-बिक्त हवं असणार. बायकोला तसं सांगून उपाशीपोटी निघालो. लाँगफर्डच्या पुढे एका शेतात, चिखलात टेकलेली एक लाल, दोन सीटांची जपानी गाडी दाखवून डॉक्टर म्हणाले, "हीच. ढकला."

पुण्य काय लागायचं ते लागलंच. कंबर आठवडाभर धरली होती.

ऑपरेशनची सुरुवात शिस्तीत झाली. अंगात थिएटरमधले हिरवे कपडे, डोक्याला टोपी, हातात निळे मोजे. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी माझ्या हातात टॉर्च दिला. "इथे धरा. थरथरू नका." त्या दिवसापासून मी टॉर्च धरत गेलो. कुणी तरी धरायलाच हवा होता, आणि बाकीच्या घरांतले लोक हुशार होते.

डॉक्टरांचं एक ब्रह्मवाक्य होतं. "उघडल्याशिवाय कळत नाही." दुसरंही होतं. "पाच मिनिटांचं काम आहे." पहिल्या वाक्यानं वस्तू उघडली जायची आणि दुसऱ्यानं ती उघडीच राहायची. आमच्या गणेशोत्सवात स्पीकर खरखरला. आरती चालू असतानाच डॉक्टरांनी तो खोलला. राहिलेली आरती आम्ही टाळ्यांवर म्हटली आणि मंडळाकडे तेव्हापासून स्पीकर नाही, स्पीकरचं ज्ञान आहे. विसर्जनानंतर मंडळाचा मांडव मात्र डॉक्टरांनी आठवणीनं मागून नेला, गाडी पावसात भिजू नये म्हणून. पहिल्याच वादळात तो उडाला आणि मागच्या शेतातल्या मेंढ्यांवर जाऊन पडला. शेतकऱ्याचा फोन आला, तेव्हा डॉक्टरांनी आधी मांडवाचे पाइप वाकलेत का ते विचारलं, मग मेंढ्यांची चौकशी केली.

समोरच्या रांगेतले एक निवृत्त पोस्टमन आजोबा रोज कुत्र्याला घेऊन जाताना थांबायचे.

"हाऊ इज शी?" आजोबा विचारायचे.

"ग्रँड," डॉक्टर म्हणायचे.

गाडीला तेव्हा चाकं नव्हती. इंजिन गराजमध्ये साखळीला लटकत होतं आणि दोन्ही दारं वरच्या मजल्यावर पाहुण्यांच्या खोलीत आडवी झाली होती. पण ग्रँड. इतकी वर्षं हा शब्द ऐकत होतो. त्याचा अर्थ 'विचारू नका, मीही सांगत नाही' असा आहे, हे मला तिथे उमगलं.

हळूहळू गाडी घरात शिरली. माझ्या मुलीला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इथल्या हेलातल्या इंग्रजीत येतं. एक दिवस त्यांच्याकडून परत येऊन ती म्हणाली, "बाबा, युअर मॅन हॅज द सीट्स इन द किचन." 'युअर मॅन' म्हणजे इथल्या बोलीत 'तो बाबा', इथे डॉक्टर. खरंच होतं. जेवणाच्या टेबलाशी गाडीच्या सीटा मांडल्या होत्या. पाहुण्यानं पहिला घास घेतला की पाठ मागे जायची आणि वरण छातीवर यायचं. डॉक्टर म्हणायचे, "डाव्या बाजूचा खटका ओढा." तो ओढला की पाहुणा पूर्ण झोपायचा.

इथल्या घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट असतं, त्याला हॉट प्रेस म्हणतात. या देशात कपडे दुसरीकडे कुठे वाळत नाहीत, म्हणून सगळे तिथे ठेवतात. डॉक्टरांनी तिथे खालच्या फळीवर गिअरबॉक्स ठेवला, दमट हवा लागू नये म्हणून. वहिनींच्या साड्यांना गिअर ऑइलचा असा वास लागला की, मंडळाच्या हळदीकुंकवाला त्या दारातून आत आल्या की न बघता कळायचं. डिशवॉशरमध्ये वरच्या कप्प्यात वाट्या, खालच्या कप्प्यात पिस्टन.

आणि किट? ज्यासाठी हे सगळं चाललं होतं ते किट? ते मागवलंच नव्हतं. डॉक्टरांना दोन मॉडेलांपैकी कुठलं घ्यावं हे ठरवता येत नव्हतं. शल्यचिकित्सेच्या इतिहासात दाता पूर्ण सोलून ठेवलाय आणि रुग्णाचा पत्ता नाही, अशी ही पहिलीच केस असावी.

"घाई करून चालत नाही, इंजिनिअर," ते म्हणाले.

"पण मग एवढं उघडून का ठेवलंत?"

"उघडल्याशिवाय कळत नाही ना."

या सगळ्यात वहिनी एकदाही चिडलेल्या मी पाहिल्या नाहीत. त्या फिजिओथेरपिस्ट. लोकांचे जखडलेले सांधे सोडवायचे, आणि घरी येऊन सोडवलेले सांधे ओलांडत स्वयंपाकघरात जायचं. इथली नोंदणी मिळवायला त्यांची काही वर्षं गेली होती. शेवटी त्यांना मनासारखी नोकरी चालून आली. खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन, पडलेल्या, ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्या माणसांना पुन्हा चालतं करायचं. अट एकच: गाडी चालवण्याचा पक्का परवाना. इथल्या खेड्यांत बस हा अफवेसारखा प्रकार. ऐकू येते, दिसत नाही.

ड्रायव्हिंग टेस्टची तारीख मिळणं म्हणजे तर चातुर्मास धरून बसणं. वहिनींना मागे एकदा मिळाली होती. त्या वेळी घरची गाडी, म्हणजे रोजची, चालती, चंदेरी रंगाची, डॉक्टरांनी आदल्या रात्री जॅकवर चढवली होती. डोनरचा ब्रेक कसा जोडलेला होता ते विसरल्यामुळे चालत्या गाडीचा उघडून बघायचा होता. पाच मिनिटांचं काम होतं. टेस्ट गेली. आता दुसरी तारीख मिळाली होती आणि नोकरीवाल्यांनी स्पष्ट कळवलं होतं की, या वेळी परवाना हातात पडला नाही तर जागा दुसऱ्या उमेदवाराला देऊ. वहिनींनी हे मला आणि माझ्या बायकोला सांगितलं, डॉक्टरांना दोनदा सांगितलं. फक्त आपल्या सासूबाईंना, म्हणजे डॉक्टरांच्या आईंना, सांगितलं नाही. "नापास झाले तर यवतमाळभर होईल," त्या म्हणाल्या.

सासूबाई नुकत्याच आल्या होत्या, सहा महिन्यांसाठी. विमानतळावरून आल्या त्या थेट ड्राइव्हवेत उभ्या राहिल्या. डोनरचा लाल सांगाडा बघून त्यांनी लेकाकडे बघितलं.

"काऊन रे? हे कोनाची गाडी जळली?"

"जळली नाही आई, मी उघडली आहे."

"तुले कोनी सांगतलं होतं?"

या प्रश्नाचं उत्तर आम्हा सगळ्यांनाच हवं होतं. डॉक्टर टायर बघत राहिले.

वहिनींची टेस्ट नेमकी दसऱ्याच्या सकाळी आली. आयर्लंडला दसरा माहीत नाही, त्यामुळे त्याचा दोष नाही. आदल्या दिवशी खंडेनवमी. सासूबाईंच्या माहेरी गिरणी होती. नवमीला हत्यारं धुऊन-पुसून पूजायची आणि दसऱ्याला सीमोल्लंघन होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हा तिथला कडक नियम. इथे आल्यावर एवढी हत्यारं एका घरात बघून त्यांना फार दिवसांनी बरं वाटलं असणार. डॉक्टर हॉस्पिटलात असताना त्यांनी घरातला यच्चयावत पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर गोळा केला, भांड्यांच्या साबणानं धुतला, टॉवेलनं पुसला आणि बैठकीच्या खोलीत चौरंगावर ओळीनं मांडला. हळद, कुंकू, अक्षता, गार्डन सेंटरमधून आणलेली झेंडूची फुलं. संध्याकाळी आम्ही नमस्काराला गेलो. खरं सांगतो, डोळ्यांचं पारणं फिटलं. डॉक्टरांच्या घरी मी पहिल्यांदाच एवढ्या वस्तू एका जागी, स्वच्छ आणि ओळीनं बघत होतो.

डॉक्टर बाजूला हाताची घडी घालून उभे होते. "मी देव मानत नाही, टॉर्क मानतो," असं ते मला नेहमी सांगायचे. आईसमोर नव्हतं सांगितलं कधी. कपाळावर कुंकू होतं.

दसऱ्याला सकाळी मी त्यांच्या दारात हजर. शिकाऊ माणसाच्या शेजारी परवानावाला कुणी तरी बसावा लागतो, आणि वहिनींनी नवऱ्याऐवजी मला निवडलं होतं. "हे शेजारी बसले की इंजिनचं ऐकतात," त्या म्हणाल्या होत्या, "माझं नाही." मी स्वतः ही टेस्ट दोनदा नापास झालेलो आहे. पण मला इंजिनातलं काही ऐकू येत नाही, ही माझी पात्रता.

वहिनींनी किल्ली फिरवली. काहीच नाही. खर्र नाही, टिक नाही. परत फिरवली.

मग त्यांनी काच खाली केली आणि दारात चहा घेऊन उभ्या असलेल्या डॉक्टरांकडे बघितलं. "बॅटरी कुठंय?"

डॉक्टरांचा कप तोंडापाशीच थांबला. डोनरच्या वायरींचं जाळं त्यांनी बैठकीच्या गालिच्यावर पसरून ठेवलं होतं, आणि त्यातला दिवा पेटतो का ते बघायला परवा चालत्या गाडीची बॅटरी काढली होती. काल परत बसवायची होती.

"पाच मिनिटांचं..." ते म्हणाले आणि वहिनींचा चेहरा बघून वाक्य तिथेच सोडलं.

आम्ही तिघं बैठकीत गेलो. बॅटरी चौरंगाच्या मधोमध होती. सासूबाईंनी तिलाही हत्यार समजून मानाची जागा दिली होती. वर हळदीकुंकू, अक्षता आणि एक झेंडू. भोवती सगळे पाने. तिला गाडीत घट्ट बसवायला लागणारा दहाचा पाना तिच्या पायाशी, सेवेला असल्यासारखा.

"टर्मिनलवर कुंकू लावलंय," डॉक्टर क्षीण आवाजात म्हणाले.

आणि उभेच राहिले. हा माणूस रोज लोकांच्या श्वासाची दोरी हातात घेतो. पण आई जपमाळ घेऊन शेजारी बसलेली असताना त्याच्या हातून एक पाना उचलवेना.

"माझी गाडी नेऊ या," मी म्हणालो.

"तिच्या इन्शुरन्सवर माझं नाव नाही," वहिनी म्हणाल्या. "आणि शिकवणाऱ्या बाईंची गाडी आज दुसऱ्याच्या टेस्टला आहे. विचारून झालंय." आवाज शांत होता.

डॉक्टरांनी वाट काढली. "समोरच्या आजोबांकडून पाना आणतो. त्यांचा कुठे पूजलेला आहे?"

"अन् बॅटरी?" सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "तेही त्याइच्याकडूनच आनतं काय?"

मी माझ्या घरी हत्यार काय आहे ते आठवत होतो. कपाटाबरोबर फुकट आलेली एक षटकोनी किल्ली.

"आई," वहिनी म्हणाल्या, "माझी आज गाडीची परीक्षा आहे. आज नाही गेले तर नोकरी जाईल."

जपमाळ थांबली. सासूबाईंनी आधी सुनेकडे बघितलं, मग लेकाकडे.

"हे मले आज सांगते?"

"नापास झाले असते तर..."

"झाली असती तं झाली असती. मी का पेपरात देनार होती?" त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "अन् तू रे? काल नमस्काराले उभा होता तं सांगता नाही आलं, का आई, हे बॅटरी कामाची हाये म्हून?"

"तू ओरडशील म्हणून..."

"मंग आता काय आरती करू तुही?" त्यांनी ताटलीतल्या अक्षता उचलल्या, चौरंगावर टाकल्या, कडेनं धरून चौरंग हलवला. "झाली उत्तरपूजा. हत्यारं कायले पूजतात? वेशीच्या बाहेर जायाले. हे बाई घरातच बसून राह्यली तं माझ्या झेंडूचा काय उपयोग? उचल."

डॉक्टरांनी उचलली. बाहेर बॉनेटखाली बॅटरी ठेवली, मी सवयीनं भर उजेडात टॉर्च धरला. पाना फिरवून झाला, तरी डॉक्टर हलेनात. त्यांना टॉर्क रेंच हवा होता, म्हणजे नट नेमका किती आवळला हे सांगणारा, ठरलेल्या जोरावर 'कट्' असा आवाज करणारा पाना.

"हातानं आवळा!" वहिनी ओरडल्या. लग्नानंतरचं त्यांचं पहिलं ओरडणं असावं. समोरच्या आजोबांचा कुत्रा खाली बसला.

डॉक्टरांनी हातानं आवळलं. तेवढं करताना त्यांच्या चेहऱ्यावर जे दुःख होतं ते मी कुठल्याच रुग्णाच्या नातेवाइकाच्या चेहऱ्यावर बघितलेलं नाही.

टेस्ट सेंटरला पोचेपर्यंत मी डोळे मिटूनच बसलो होतो. परीक्षक उंच, सुकलेला, ओल्या कोटातला माणूस. नियमाप्रमाणे त्यानं आधी बॉनेट उघडायला लावलं. तेल कुठे बघता, कूलंट कुठे, ब्रेकचं तेल कुठे. मी खिडकीतून ऐकत होतो. वहिनींनी बोट ठेवून सगळं सांगितलं. का नाही सांगणार? यातली प्रत्येक वस्तू त्यांनी कधी ना कधी डिशवॉशरमधून काढली होती. मग परीक्षक बॅटरीवर वाकला. पिवळं, लाल, त्यात तांदूळ.

"इज दॅट रस्ट?"

"नो," वहिनी म्हणाल्या. "दॅट्स माय मदर-इन-लॉ."

परीक्षकानं हळूच बॉनेट मिटलं. लग्न झालेला असावा.

त्या परत आल्या तेव्हा मी कॉफीच्या मशीनला पैसे चारून थकलो होतो. हातातला कागद त्यांनी माझ्यासमोर धरला. पास. गाडीवरचा शिकाऊचा 'एल' काढला, नव्या चालकाचा 'एन' लावला. मी शेजारी बसून पट्टा लावणार, तेवढ्यात म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही उतरता का? आता शेजारी कुणी लागत नाही. मला एकदा एकटीला चालवून बघायचीय."

उतरलो. पाऊस होता. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि मी डॉक्टरांना फोन केला.

"पास झाल्या."

"छान. ती कुठंय?"

"गेल्या."

"कुठे?"

"माहीत नाही. एकट्याच गेल्या."

"बॅटरीचा क्लॅम्प हातानं आवळलाय, इंजिनिअर."

मी टॅक्सी करून परतलो, पण दुपार टळली तरी त्या आल्या नाहीत. डॉक्टरांनी डोनरला हात लावला नाही. ड्राइव्हवेच्या तोंडाशी उभे होते. आजोबा कुत्र्याला घेऊन आले, "हाऊ इज शी?" म्हणाले, आणि डॉक्टर पहिल्यांदाच 'ग्रँड' म्हणाले नाहीत. "आय डोन्ट नो," म्हणाले.

चंदेरी गाडी शेवटी वळणावर दिसली. वहिनी उतरल्या, केस विस्कटलेले, काच उघडी ठेवून गेल्या होत्या. सासूबाई औक्षणाचं ताट घेऊन दारात आल्या. "कुठलोक गेली होतीस, माय?"

"आपली काउंटी, म्हणजे जिल्हा, संपतो तिथली पाटी आहे ना आई, ती ओलांडून गेले. मग आणखी एक पाटी आली, तीही ओलांडली."

"मंग झालं सीमोल्लंघन," सासूबाईंनी ओवाळलं. आधी सुनेला, मग गाडीला.

डॉक्टरांनी पुढे होऊन बॉनेटवर तळहात ठेवला, ताप बघतात तसा. वहिनी म्हणाल्या, "सोमवारपासून ही मला लागेल. रोज. हिच्यातलं काही काढायचं नाही."

"नाही," डॉक्टर म्हणाले.

"बघायलासुद्धा."

"बरं."

सोमवारी सकाळी मी सँट्रीला निघालो तर डॉक्टर पावसात, हिरव्या कपड्यांवर रेनकोट चढवून हॉस्पिटलकडे पायी चालले होते. घरात एक आख्खी गाडी होती, फक्त ती डबे, हॉट प्रेस आणि पाहुण्यांची खोली यांत वाटून गेली होती. मोठ्या राउंडअबाउटपाशी ते थांबलेले दिसले, म्हणून मी गाडी कडेला घेतली.

"डॉक्टर, बसा, सोडतो."

"नको, तुम्ही व्हा पुढे. मी येतो."

"भिजताय."

"ती आता येईल," ते म्हणाले, रस्त्यावरून नजर न काढता. "पहिलाच दिवस आहे. इथे तिसऱ्या फाट्याला वळायचं असतं, लोक गोंधळतात."

मीही थांबलो. लॉरी गेली, शाळेची बस गेली, आणि मग चंदेरी गाडी आली. गोलात शिरली, एक फाटा सोडला, दुसरा सोडला. वहिनींचं आमच्याकडे लक्षही नव्हतं. त्या समोर बघत होत्या. डॉक्टरांचा उजवा पाय फूटपाथवर नसलेला ब्रेक दाबत होता. गाडी तिसऱ्या फाट्याला वळून टेकडीपलीकडे गेली.

"इंडिकेटर दिला," डॉक्टर म्हणाले आणि हॉस्पिटलकडे चालू लागले.